ब्रह्मपुरीचा पोसायडन : मूर्ति व तिची संगत

कोल्हापूर शहराच्या पश्चिम अंगास पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. इ. स. १९४४ च्या सुमारास प्रा. कुंदणगार यांस तेथें धातूच्या वस्तूंचा एक मोठा सांठा मिळाला. त्यांतील एक लहानशी ओतीव मूर्ति ग्रीक पुराणांतील समुद्रदेव पोसायडन याची आहे. ती कोणाची याविषयीं वाद नाहीं. ती येथें कोणत्या नात्यानें आली, हा खरा प्रश्न होय. परदेशची देवमूर्ति आपल्या भूमींत निघाली कीं तेथें तिचे भक्त राहत होते असें अनुमान काढण्याचा मोह सहज होतो. हें अनुमान कितपत टिकतें, तें पाहण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम देवाचा परिचय. ग्रीक कथेप्रमाणें झ्यूस, पोसायडन व हेडीझ या तिघां भावांनीं पिता क्रोनस यास पदच्युत केल्यावर चिठ्ठ्या टाकून जगाची वांटणी केली. तींत झ्यूस यास आकाश, हेडीझ यास पाताळ व पोसायडन यास समुद्र मिळाला. भूकंप करणारा व अश्वांचा स्वामीही तोच. त्रिशूळ हें त्याचें आयुध. रोमन लोकांनीं त्यास आपल्या नेपच्यून या देवाशीं एकरूप मानलें. ब्रह्मपुरीच्या मूर्तींत तो दाढीधारी, विवस्त्र व उभा आहे. एक हात उंचावलेला असून त्यांतील त्रिशूळ आतां राहिलेला नाहीं. जुन्या ग्रीक घाटावरून रोमन साम्राज्यांत घडविलेली ही प्रतिकृति असून तिचा काळ इ. स. चें पहिलें शतक किंवा त्याच्या आसपासचा, असें सामान्यतः मानण्यांत येतें.

प्रतिकृति म्हटली तरी ती हातकामाचीच वस्तु होय. आधीं मेणाची आकृति करावयाची, तीवर मातीचे लेप द्यावयाचे, भट्टींत मेण वितळवून काढावयाचें व झालेल्या पोकळींत तापलेला रस ओतावयाचा. मग थंड झाल्यावर सांचा फोडून केंस, डोळे, दाढी छिन्नीनें उठवावयाचीं. ही रीति आपल्याकडेही अपरिचित नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लास ग्रंथांत मेणाच्या ओतकामाचा विधि दिला आहे. रोमन साम्राज्यांत अशा छोट्या देवमूर्ति विपुल होत असत. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांतील घराघरांच्या देव्हाऱ्यांत त्या सांपडल्या आहेत. म्हणून मूळ देशीं ही मूर्ति पूजेची असणें शक्य आहे. परंतु मूळ देशींचें प्रयोजन तेंच परदेशांतलें प्रयोजन, असें गृहीत धरतां येत नाहीं.

आतां वसाहतीचें अनुमान पाहूं. महाराष्ट्रांत यवन होते, याविषयीं शंका नको. कार्ल्याच्या चैत्यगृहांतील स्तंभ दान करणारांत धेनुकाकट येथील अनेकजण आपणांस यवन म्हणवितात. जुन्नरास इरिल नांवाच्या यवनानें पाण्याच्या दोन पोढी दिल्या. नाशिकच्या सतराव्या लेण्याचा कर्ता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडील दत्तामित्री येथील योनक होता. मात्र या लेखांचें स्वरूप काय आहे? कार्ल्याच्या यवनांत सिंहध्वज यासारखीं नांवें आहेत, दान बौद्ध संघास आहे व भाषा प्राकृत आहे. यांपैकीं कोणींही झ्यूस, अपोलो अथवा पोसायडन यांचें नांव कोरून ठेविलें नाहीं. म्हणजे जेथें यवन निश्चित आहेत तेथें ग्रीक देव नाहीं, व कोल्हापुरास ग्रीक देव आहे तर त्यासमवेत यवनाचें नांव नाहीं. या दोन गोष्टींची सांगड घालून वसाहत उभी करणें हें प्रमाणास सोडून होईल.

गांधारांतील स्थिति याहून निराळी. तेथें ट्रोजन घोड्याची कथा स्थानिक शिल्पकारांनीं आपल्याकडील दगडांत कोरली, व तें शिल्प आज ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. जमालगढीच्या बौद्ध अवशेषांत भार वाहणारा ॲटलास दिसतो. तेथें कथा लोकांच्या हातांत मुरली होती. ब्रह्मपुरीस मूर्ति बाहेरून तयार होऊन आली, एवढेंच म्हणतां येतें.

मग ती आली कशी? एक तर्क असा कीं, एखाद्या नाविकानें समुद्रप्रवासांत रक्षण व्हावें म्हणून ती जवळ बाळगिली असावी. हा तर्क अशक्य नाहीं. पण तो नाविक आपला रक्षक देव घाटावर सोडून कां गेला, याचें उत्तर त्यांत मिळत नाहीं. दुसरा तर्क व्यापाराचा. पहिल्या शतकांतील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथांत भरुकच्छ बंदरीं येणाऱ्या मालाची यादी आहे. तींत मद्य, पोंवळें इत्यादिकांबरोबर तांबें, कथील व शिसें हीं स्पष्ट नोंदलीं आहेत. त्याच शतकांतील प्लिनी तर हिंदुस्थानांत तांबें व शिसें नाहीं, तीं हा देश रत्नें व मोत्यें देऊन घेतो असें लिहितो. हें विधान अक्षरशः खरें नाहीं, कारण येथें तांब्याच्या खाणी होत्या. तरी पश्चिमेकडून धातूचा ओघ चालू होता, हें त्यावरून उघड होतें. कोल्हापूरचा प्रदेशही अगदीं आडबाजूस नव्हता. ब्रह्मपुरीस ज्यांचीं नाणीं मिळालीं त्या कुर राजांपैकीं विळिवायकुर हाच दुसऱ्या शतकांतील टॉलेमीचा बॅलिओकूरस, असें बहुतेक विद्वान् मानतात.

आमच्या मतें या प्रश्नाचा निकाल मूर्तीच्या रूपापेक्षां तिच्या संगतीनें अधिक लागतो. त्याच सांठ्यांत रोमन बनावटीची मुठीची सुरई व आरसा होता. तसाच स्वारांसह हत्ती होता, जो उघड येथल्या कारागिराच्या हातचा आहे. एकाच सांठ्यांत देव, सुरई, आरसा व देशी हत्ती असणें हें देव्हाऱ्याचें लक्षण नव्हे. घरांतील मोलवान् चिजांचें किंवा धातूच्या व्यापाऱ्याच्या मालाचें आहे. कोणास ती मूर्ति नवलाची वस्तु वाटली असेल, कोणास मोडीच्या भावाचें धातु. त्रिशूळ शाबूत असतां एखाद्यास तींत शंकरही दिसला असेल. पण त्यास प्रमाण नाहीं, आणि केवळ साम्यावर इतिहास रचूं नये. तात्पर्य, ही मूर्ति दूरवरच्या व्यापाराची साक्षीदार आहे, ग्रीक उपासनेची नव्हे.

एवढें तरी म्हणतां येतें तें सांठा एकत्र राहिला म्हणून. ब्रह्मपुरीचें थरवार उत्खनन डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं इ. स. १९४५-४६ मध्यें केलें व त्याचा वृत्तांत १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. सातवाहनकालीन वस्तीचा पट त्यामुळें स्पष्ट झाला. हीच मूर्ति एखाद्या जुन्या बाजारांत एकटी विकावयास आली असती, तर ती काल युरोपांतून आली कीं अठराशें वर्षांपूर्वीं, हेंही सांगतां आलें नसतें. जे संग्राहक कागदपत्रें जमवितात त्यांस हें नवें नाहीं. दप्तरांतून सुटलेल्या पत्रावर मिति असली तरी शक नसतो. तो शेजारच्या पत्रांवरून लावावा लागतो, व रुमाल फुटला कीं तें साधन जातें. मूर्तीचेंही तसेंच आहे.

म्हणून आमची विनंति एवढीच कीं, शेतांत, विहिरींत अगर पायाच्या खोदकामांत कांहीं मिळाल्यास वस्तु उचलण्यापूर्वीं जागा, खोली व सोबतच्या वस्तु यांची नोंद करावी. खापरी व गंजलेला तुकडाही फेंकूं नये. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत हा सांठा जपला आहे. तेथें पोसायडन पाहणारानें शेजारचा हत्तीही अवश्य पाहावा. कारण त्या हत्तीवांचून त्या देवाचा अर्थ लागत नाहीं.