छायाचित्राचा भार वाचकाच्या माथी नको! संकेतस्थळावरील प्रतिमा हलकी आणि सुस्पष्ट कशी ठेवावी?

वसई, प्रतिनिधी : दुकानावर पाटी लावावी तितक्या सहजतेने आज संकेतस्थळ उभे करता येते. सुकेळी विकणाऱ्या घरगुती उद्योगापासून अर्नाळा-राजोडीच्या किनाऱ्यावरील निवासव्यवस्थेपर्यंत आणि गृहनिर्माण संस्थेपासून शाळेपर्यंत, वसई-विरार परिसरात कोणालाही ते परवडू शकते. मजकूर काळजीपूर्वक लिहिला जातो, रंगसंगतीवर चर्चा होते. छायाचित्रे मात्र मोबाइलमधून निघाली तशीच पानावर चढवली जातात आणि पान तेथेच अडते. संकेतस्थळाच्या मालकाला घरातील वाय-फायवर ही अडचण जाणवत नाही. विरारहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या ग्राहकाला ती जाणवते. पान उघडेपर्यंत तो थांबेलच, याची शाश्वती नसते.

हिशेब साधा आहे. मोबाइलने टिपलेले छायाचित्र सुमारे ४ एमबीचे असेल आणि गर्दीच्या वेळी जोडणीचा वेग सेकंदाला २ मेगाबिट इतकाच मिळत असेल, तर ते एकच छायाचित्र उतरण्यास १६ सेकंद लागतात. तेच छायाचित्र १५० केबीचे केल्यास एका सेकंदाच्या आत दिसते. पानावर अशी दहा छायाचित्रे असल्यास वाचकाच्या डेटामधून ४० एमबी खर्च होतात. छायाचित्र सज्ज करण्याचे दोन मिनिटांचे श्रम मालकाने एकदाच करायचे असतात; ते टाळल्यास त्याची किंमत प्रत्येक वाचकाला प्रत्येक भेटीत मोजावी लागते.

जुन्या काळाची शिस्त

ही काटकसर नवी नाही. १९९३ साली ‘मोझाइक’ या ब्राउझरने मजकुराच्या सोबतीने, त्याच पानावर चित्र दाखवण्याची सोय लोकप्रिय केली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यानंतर घरोघरी आलेल्या ५६ केबीपीएसच्या मोडेमवर १०० केबीचे चित्र उतरण्यास पाव मिनिट तरी लागे. त्यामुळे त्या काळात पाने बनवणारे चित्राचा एकेक केबी मोजत असत. पुढे वेग वाढला आणि ही सवय सुटली. दुसरीकडे कॅमेऱ्याच्या फाइली वेगाच्याही पुढे वाढल्या.

चित्र आकुंचित करण्यामागील गणितात भारतीय नावे आहेत, याचा येथे उल्लेख करावा लागेल. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ ही पद्धत प्रसिद्ध केली. १९९२ साली निश्चित झालेले जेपीईजी हे प्रमाणक याच पद्धतीवर उभे आहे. चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडले जातात, प्रत्येक चौकोनातील ठळक आणि बारीक फरक वेगळे केले जातात आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा बारीक तपशील गाळला जातो. उजेड-अंधारातील फरक मानवी डोळा जितक्या चटकन टिपतो, तितका रंगांतील फरक टिपत नाही. त्यामुळे रंगांच्या माहितीत अधिक कपात करता येते.

पहिली पायरी : आकार

फाइल हलकी करायची म्हटले की प्रथम दर्जा कमी करण्याकडे अनेकांचा कल असतो. प्रत्यक्षात सर्वांत मोठी बचत मापात आहे. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे छायाचित्र ४००० बाय ३००० बिंदूंचे, म्हणजे १ कोटी २० लाख बिंदूंचे असते. अनेक मोबाइलच्या पडद्यावर पानाची रुंदी ३६० एकके धरली जाते. पडदा तिप्पट घनतेचा असला तरी १०८० बिंदू पुरेसे होतात. छायाचित्र १२०० बाय ९०० चे केल्यास बिंदूंची संख्या १० लाख ८० हजारांवर, म्हणजे मूळच्या अकराव्या हिश्श्यावर येते आणि मोबाइलवर पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही. पानाच्या संपूर्ण रुंदीत दिसणारे मुखचित्र संगणकावरही पाहिले जाणार असेल, तर १६०० ते २००० बिंदूंची रुंदी ठेवावी.

माप बदलण्यापूर्वी चित्राची कातरणी करावी. सुकेळीच्या पाकिटाचे छायाचित्र असेल, तर मागील ओटा आणि खिडकी दाखवण्याची आवश्यकता नसते. गाळलेला प्रत्येक भाग म्हणजे वाचलेले वजन, शिवाय मुख्य वस्तूही ठळक होते.

छायाचित्र ‘७२ डीपीआय’चे करावे, हा सल्ला आजही दिला जातो. डीपीआय हा आकडा छपाईच्या वेळी उपयोगी पडतो. पडद्यावर किती बिंदू रुंद आणि किती बिंदू उंच, एवढेच पाहिले जाते. केवळ डीपीआय बदलल्याने फाइल हलकी होत नाही.

दुसरी पायरी : प्रकार

छायाचित्रासाठी जेपीईजी हा आजही सर्वत्र चालणारा प्रकार आहे. गुगलने २०१० साली आणलेला वेबपी हा प्रकार त्याच दर्जाची फाइल साधारणपणे पाव ते एक-तृतीयांश हलकी करतो, असे गुगलच्या चाचण्या सांगतात. २०२० पासून सफारीनेही त्याचा स्वीकार केल्याने सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये तो दिसतो. २०१९ साली आलेला एव्हीआयएफ त्याहूनही हलका असला, तरी जुन्या मोबाइलवर तो उघडत नाही. म्हणून त्याच्यासोबत जेपीईजीची पर्यायी फाइल ठेवणे शहाणपणाचे ठरते.

सपाट रंगांचे बोधचिन्ह, तक्ता किंवा पडद्याचे चित्र असल्यास पीएनजी वापरावा. यात काहीही गाळले जात नाही, अक्षरांच्या कडा स्वच्छ राहतात आणि पारदर्शक पार्श्वभूमीही ठेवता येते. मात्र छायाचित्र पीएनजीमध्ये साठवल्यास फाइल कित्येक पट फुगते. संगणकावर रेषांनी काढलेले बोधचिन्ह किंवा नकाशा असेल, तर एसव्हीजी सर्वोत्तम. कितीही मोठे केले तरी ते फाटत नाही. १९८७ पासूनचा जीआयएफ २५६ रंगांपुरता मर्यादित असल्याने छायाचित्रासाठी निरुपयोगी आहे. २०१७ पासून आयफोन छायाचित्रे एचईआयसी प्रकारात साठवतो. बहुतेक ब्राउझर तो प्रकार दाखवत नाहीत, त्यामुळे अशी फाइल आधी जेपीईजीमध्ये बदलून घ्यावी. त्याच वेळी रंगव्यवस्था एसआरजीबी ठेवावी, म्हणजे सुकेळीचा सोनेरी तपकिरी रंग निरनिराळ्या पडद्यांवर शक्य तितका सारखा दिसेल.

तिसरी पायरी : दर्जा

जेपीईजी साठवताना सॉफ्टवेअर दर्जाचा आकडा विचारते. बहुतेक छायाचित्रांना ७५ ते ८५ पुरेसा असतो. १०० ठेवल्यास फाइल खूप वाढते, पण डोळ्याला मिळणारा लाभ नगण्य असतो. तरीही सर्व छायाचित्रांना एकच आकडा लावू नये. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या वसईच्या किल्ल्याचे उदाहरण घेता येईल. झिजलेले दगड, त्यांत रुजलेली झुडपे आणि पानापानांतील सावल्या अशा बारीक तपशिलामुळे या चित्राची फाइल जड होते. पण त्याच गर्दीत थोडी हानी लपूनही जाते. याउलट अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरील मोकळ्या संध्याकाळच्या आकाशाची फाइल सहज हलकी होते. परंतु दर्जा फार उतरवल्यास निळ्या-केशरी छटांचे पट्टे दिसू लागतात. आकडा ठरवण्यापूर्वी चित्र डोळ्यांनी पाहणे, याला पर्याय नाही.

तपशील हाच चित्राचा हेतू असेल तेथे काटकसर आवरती घ्यावी. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकरला. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आला. अशा लेखाचे छायाचित्र अति आकुंचित केल्यास अक्षरांच्या कडांभोवती धूसर ठिपके उमटतात आणि ब्राह्मीची एखादी रेघ खरी की संगणकाने उमटवलेली, हे अभ्यासकाला कळेनासे होते. येथे पानावर लहान प्रत ठेवावी आणि तिच्यावर टिचकी मारल्यावर मोठी प्रत उघडेल अशी योजना करावी. ज्याला हवी त्यालाच मोठी फाइल मिळते.

आणखी एक पथ्य असे, की जेपीईजी पुन्हा पुन्हा उघडून साठवल्यास प्रत्येक वेळी थोडी हानी होते. मूळ छायाचित्र स्वतंत्र जपून ठेवावे आणि प्रत्येक नवी प्रत त्यावरूनच तयार करावी.

या कामासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. गिम्प हे मुक्त सॉफ्टवेअर संगणकावर चालते. शेकडो छायाचित्रे एकदम बदलायची असल्यास इमेजमॅजिक उपयोगी पडते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्क्वूशमध्ये मूळ आणि आकुंचित चित्र शेजारी शेजारी पाहता येते. बँक भरतीच्या परीक्षांसाठी आयबीपीएसच्या अर्जात २० ते ५० केबीचे छायाचित्र आणि १० ते २० केबीची स्वाक्षरी जोडलेल्या तरुणांना यातील अर्धे काम आधीपासूनच येते. तेथे मर्यादा संस्था घालते, स्वतःच्या पानावर ती आपणच घालून घ्यायची असते.

सूचनेचे चित्र नको

मराठी संकेतस्थळांना एक जुनी खोड आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी देवनागरी अक्षरे प्रत्येक संगणकावर नीट दिसत नसत, म्हणून मथळे आणि सूचना चित्र बनवून लावल्या जात. ती अडचण केव्हाच सरली, सवय मात्र टिकून आहे. उद्या पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना एखाद्या गृहनिर्माण संस्थेने केवळ कागदाचे छायाचित्र म्हणून चढवली, तर ती शोधयंत्राला सहसा सापडत नाही, मोबाइलवर मोठी करताना धूसर होते आणि दृष्टिहीन रहिवाशाचे वाचन सॉफ्टवेअर तिथे ‘चित्र’ एवढेच सांगून पुढे जाऊ शकते. पाणी बंद असल्याचे त्याला नळ कोरडा पडल्यावरच कळते. अक्षरे अक्षरांच्याच रूपात लिहावीत. ती चित्रापेक्षा कितीतरी हलकीही असतात. सही-शिक्क्याचा कागद दाखवणे आवश्यकच असेल, तर संपूर्ण मजकूर त्याखाली द्यावा.

प्रत्येक अर्थपूर्ण चित्राला ‘ऑल्ट’ मजकूर, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यासाठी वर्णन असावे. ‘छायाचित्र १’ लिहून उपयोग नाही. ‘वसई किल्ल्याची झुडपांनी वेढलेली तटबंदी’ असे एका वाक्यात, मराठी पानावर मराठीतच लिहावे. केवळ शोभेच्या चित्रासाठी ही जागा रिकामी ठेवावी. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ साली प्रथम प्रसिद्ध झालेली मार्गदर्शक तत्त्वेही अशा वर्णनाचा आग्रह धरतात.

पानावर बसवताना

चित्राची रुंदी आणि उंची पानाच्या संहितेत नोंदवल्यास ब्राउझर त्याची जागा आधीच राखून ठेवतो. अन्यथा चित्र उतरताच मजकूर खाली सरकतो आणि दूरध्वनी क्रमांकावर टेकलेले बोट भलत्याच दुव्यावर पडते. ‘एसआरसीसेट’ या सोयीने एकाच चित्राच्या ४८०, ८०० आणि १२०० बिंदू रुंदीच्या प्रती देता येतात. त्यांतील योग्य प्रत ब्राउझर निवडतो. खाली असलेल्या चित्रांना ‘लेझी लोडिंग’ लावल्यास वाचक तेथवर पोहोचू लागल्यावरच ती उतरतात. पान उघडताच दिसणाऱ्या मुखचित्राला मात्र ही सवलत लावू नये, ते उलट उशिरा दिसते. पानावरील सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसावा, हा गुगलने २०२० साली जाहीर केलेला निकष येथे उपयोगी आहे.

शेवटचा मुद्दा सुरक्षिततेचा. स्थाननोंद सुरू असल्यास मोबाइल छायाचित्राच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांशही लिहून ठेवतो. घरातून व्यवसाय करणाऱ्या महिलेने स्वयंपाकघरात टिपलेले पदार्थाचे छायाचित्र तसेच चढवल्यास तिच्या घराचा ठावठिकाणा उघड होऊ शकतो. मुलांच्या छायाचित्रांबाबत हा धोका अधिक गंभीर आहे. प्रत तयार करताना ही माहिती काढून टाकावी. त्यामुळे काही केबीही वाचतात. तसेच महाजालावर सापडलेले छायाचित्र विनामूल्य समजू नये. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

जुने संकेतस्थळ एका दिवसात सुधारावे लागत नाही. सर्वाधिक पाहिले जाणारे पान प्रथम घ्यावे आणि त्यातील सर्वांत जड छायाचित्रापासून आरंभ करावा. नंतर घरातील वाय-फाय बंद करून साध्या मोबाइलवर, शक्य तर सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये, ते पान उघडून पाहावे. स्थानक येण्याआधी दर आणि दूरध्वनी क्रमांक दिसला, तर काम नीट झाले असे समजावे. अन्यथा पुढचे छायाचित्र हाती घ्यावे.