ग्रंथपाल आणि शोधयंत्र

शाळेंतील मुलानें गृहपाठासाठीं संगणकावर एक शब्द लिहावा आणि क्षणार्धांत हजारों पानांची यादी त्याच्यापुढें उभी राहावी, ही गोष्ट आतां इतकी नित्याची झाली आहे कीं, ती यादी कोणीं लावली आणि पहिलें पान पहिलेंच कां, हा प्रश्न घरांतील वडील माणसांनाहि सुचत नाहीं. परंतु १९९० पूर्वीं इंटरनेटवर अशी यादीच नव्हती. आणि ती जन्मास आल्यावरहि कांहीं वर्षें, कोणतें साधन कोणत्या विषयास योग्य, हें विद्यार्थ्यानें व त्याच्या शिक्षकानें स्वतःच ठरवावें लागे.

१९९० सालीं कॅनडांतील मॅकगिल विद्यापीठांत अॅलन एम्टाज या बार्बाडोसच्या तरुणानें 'आर्ची' हें साधन रचलें. दूरदूरच्या संगणकांवर ठेवलेल्या फायलींच्या नांवांची ती केवळ सूची होती. कपाटांतील पुस्तकांच्या पाठीवरचीं नांवें वाचणारा, पण एकहि पुस्तक न उघडणारा असा हा सेवक.

पुढें १९९४ सालीं दोन भिन्न वाटा फुटल्या. स्टॅनफर्ड येथील जेरी यँग व डेव्हिड फिलो या विद्यार्थ्यांनीं 'याहू'ची विषयवार अनुक्रमणिका मांडली. तींतील प्रत्येक नोंद माणसाच्या हातची. त्याच वर्षीं वॉशिंग्टन विद्यापीठांतील ब्रायन पिंकर्टन यांच्या 'वेबक्रॉलर'नें पानांतील प्रत्येक शब्द टिपण्यास आरंभ केला, आणि १९९५ च्या डिसेंबरांत आलेल्या 'अल्टाव्हिस्टा'नें तेंच काम प्रचंड प्रमाणावर केलें. या दोहोंतील अंतर एका उदाहरणानें ध्यानांत येईल. इंग्रजींत 'मर्क्युरी' म्हणजे बुध ग्रह, मर्क्युरी म्हणजे पारा, मर्क्युरी हा रोमन लोकांचा देव, आणि याच नांवाच्या मोटारीहि होत्या. विषयवार अनुक्रमणिकेंत खगोलाच्या दालनांत शिरलेल्या मुलास ग्रहच भेटे. शब्द टिपणाऱ्या यंत्रास मात्र चारहि सारखेच. कोणता हवा तें मुलानें आणखी शब्द घालून सांगावयाचें.

१९९५ च्या मार्चमध्यें मिशिगन विद्यापीठांत ग्रंथालयशास्त्राचे अध्यापक जोसेफ जेन्स व त्यांचे विद्यार्थी यांनीं 'इंटरनेट पब्लिक लायब्ररी' उघडली. तेथें बालकांसाठीं व किशोरांसाठीं निराळीं दालनें होतीं, आणि वाचकांच्या प्रश्नांना ग्रंथपाल स्वतः उत्तरें लिहीत. पुढील वर्षीं याहूनेंहि 'याहूलिगन्स' ही मुलांची अनुक्रमणिका काढली. या याद्या लहान होत्या आणि नवें पान त्यांत उशिरां येई, हें खरें. पण त्यांतलें पान मुलाच्या हातीं पडण्यापूर्वीं कोणीतरी जाणत्यानें पाहिलेलें असे. शालेय अभ्यासाच्या दृष्टीनें हा गुण लहानसहान नव्हे.

तथापि पानें ज्या वेगानें वाढलीं, त्या वेगानें तीं वाचणें माणसाच्या आवांक्यांतलें नव्हतें. १९९८ सालीं लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनीं यावर जो तोडगा काढला, त्यांतून गूगल उभें राहिलें. ज्या पानाकडे इतर पानें बोट दाखवितात तें वजनदार, आणि बोट दाखविणारें पान स्वतः वजनदार असेल तर त्याचें मत अधिक मोलाचें, हें त्यांचें सूत्र. विद्वानांच्या ग्रंथांतील संदर्भ मोजण्याच्या जुन्या रीतीचेंच हें रूप होय. गांवांत चार भले लोक ज्याला भला म्हणतात तो भला, असें आपणहि मानतोंच. परंतु सर्वांच्या तोंडीं असलेलें पान बारा वर्षांच्या मुलास उमगेलच, असें थोडेंच आहे!

याच जोडीच्या १९९८ च्या निबंधाचें परिशिष्ट आज वाचण्याजोगें आहे. त्यांच्या प्राथमिक यंत्रास मोबाईल फोनविषयीं विचारतां, फोनवर बोलण्यानें वाहनचालकाचें लक्ष कसें विचलित होतें, या विषयावरील अभ्यास सर्वांत वर आला. फोनच्या जाहिरातींवर चालणाऱ्या यंत्रास असें पान वर दाखविणें जड जाईल, आणि जाहिरातींवर जगणारें शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल, असें त्यांनीं त्यांत स्वच्छ लिहून ठेविलें. दोनच वर्षांनीं, २००० सालीं, गूगलनें स्वतःच शोधाच्या शब्दांवर जाहिराती विकण्यास आरंभ केला. त्या जाहिराती वेगळ्या ओळखूं येतील अशा मांडल्या, हेंहि सांगितलें पाहिजे. पण तो फरक ओळखण्याचा भार मुलाच्या डोळ्यांवर आला.

२००४ सालीं त्याच संस्थेनें विद्वानांच्या निबंधांसाठीं 'गूगल स्कॉलर' हें निराळें दालन काढलें; महाविद्यालयीन विद्यार्थ्यास तें वरदान ठरलें, शाळकरी मुलास मात्र बहुधा दुर्बोध. इकडे जुनीं साधनें एकेक करून मिटत गेलीं. अल्टाव्हिस्टा २०१३ त बंद झालें, याहूची अनुक्रमणिका २०१४ च्या अखेरीस, आणि ग्रंथपालांची ती लायब्ररी २०१५ मध्यें.

२०२४ पासून गूगलनें यंत्रानेंच रचलेला सारांश कित्येक प्रश्नांच्या यादीवर ठेवण्यास प्रारंभ केला. ज्या पानांवरून तो रचला त्यांचे दुवे सोबत असतात. पण पारा किती अंशांवर गोठतो, तें वरच वाचावयास मिळाल्यावर तीं पानें उघडण्याचें कारण मुलाला उरत नाहीं.