सायकलचा दिवा

सायकलचा इतिहास सांगणारे चाकांविषयी भरभरून बोलतात; दिव्याची आठवण त्यांना क्वचितच होते. वास्तविक सायकल रात्रपाळीच्या माणसाच्या कामी आली ती दिव्यामुळे.

१८८० च्या सुमारास इंग्लंडात सायकलचे पुढचे चाक छातीइतके उंच असे. बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्यूकसने त्या चाकाच्या आत, आऱ्यांच्या मधोमध, हबवर लोंबता तेलाचा दिवा काढला. नाव ‘किंग ऑफ द रोड’; प्रकाश बेताचाच. १८८५ मध्ये स्टार्लीची ‘रोव्हर’ आली, चाके ठेंगणी झाली आणि दिव्याला हँडलखाली जागा मिळाली. तिथे हादऱ्यांनी ज्योत विझे, म्हणून स्प्रिंगची पकड आली.

शतक संपता संपता कार्बाइडचा दिवा आला. खालच्या डबीत खडे, वर पाणी. थेंब पडला की ॲसिटिलीन वायू निघे आणि पांढरीशुभ्र ज्योत जळे. पाणी जास्त सुटले तर ती भडके, कमी पडले तर मंदावे. शिवाय डबीतला चुना खरवडणे आलेच.

पुढे डायनामोने हा खटाटोप संपवला. मात्र तो बसवायला नजर लागते. त्याच्या अक्षाची रेघ चाकाच्या मध्याकडे रोखलेली हवी. तिरका बसला तर टायर कुरतडतो आणि पायांना ओझे होते. वायर बहुधा एकच. वीज परतते सायकलच्या सांगाड्यातून. म्हणून पकडीचा टोकदार स्क्रू रंग खरवडून लोखंडाला भिडला पाहिजे. आमच्या वडिलांना एका दुकानदाराने तीन बल्ब विकले, तरी दिवा लागेना. दोष होता रंगाच्या थरात!

डायनामोचे खरे व्यंग निराळेच. चाक थांबले की पुढचा दिवा विझतो आणि मागचा तांबडाही. १९९१ च्या हिवाळ्यात वडील रात्रपाळीहून परतताना साखळी पडली. ते रस्त्याच्या कडेला वाकले. मागून येणाऱ्या टेम्पोला ते दिसलेच नाहीत. त्यांचा डावा पाय पुढे कधी सरळ झाला नाही.

आता बॅटरीचे दिवे आहेत, थांबल्यावरही जळणारे. थंडीच्या दिवसांत शाळा सुटली की मी फाटकाशी उभा राहतो आणि मुलांच्या सायकलींचे मागचे दिवे पाहतो. पुढचा दिवा असतोच. मागचा पुष्कळदा नसतो. “सर, मागे कशाला? आम्हांला तर पुढचं पाहायचं असतं,” असे मुले म्हणतात.

मी त्यांना वडिलांच्या पायाची गोष्ट सांगतो.