हलव्याचे दागिने : एका दिवसाच्या अलंकारांचा इतिहास

इतिहास म्हटला की ताम्रपट, सनदा आणि बखरी डोळ्यांपुढे येतात. मराठी घरांत मात्र असाही एक इतिहास नांदत आला, ज्याची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही. तो आजीच्या बोटांतून लेकीसुनांच्या बोटांत उतरला आणि दर हिवाळ्यात नव्याने घडत राहिला. बाळाच्या पहिल्या संक्रांतीला शिवले जाणारे काळे झबले आणि त्यावर चढणारे हलव्याचे दागिने, हा तो इतिहास होय.

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणत्याही सोयीच्या दिवशी बाळाचे बोरन्हाण करतात. बाळाला पाटावर बसवून औक्षण करावयाचे आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे व रेवड्या ओतावयाच्या. जमलेल्या बाळगोपाळांनी त्या लुटावयाच्या, असा हा सोहळा. शास्त्रोक्त सोळा संस्कारांत त्याची गणना नाही. त्याला पुरोहित लागत नाही, मंत्रही लागत नाहीत. तो सर्वस्वी स्त्रियांनी जपलेला लौकिक आचार आहे.

एरवी मंगलकार्यात वर्ज्य मानलेला काळा रंग या सणाला आवर्जून वापरतात, कारण तो ऊब धरून ठेवतो. पूर्वी बाळाची वस्त्रे बहुधा घरीच होत. अनेक धुण्यांनी मऊ झालेल्या लुगड्याचे झबले बेतले जाई. डोके व पाठ झाकणाऱ्या कुंचीला गोट, जरीची किनार आणि मणी लावले जात. त्या काळ्या कापडावर पांढरा हलवा चांदण्यांसारखा उठून दिसे.

हलवा करणे हे मात्र धीराचे काम होते. साखरेच्या पाकात थोडे दूध घालून मळी काढावयाची. मंद निखाऱ्यांवरील परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन त्यावर चमचा चमचा पाक सोडावयाचा आणि दाणे बोटांनी अखंड फिरवीत राहावयाचे. पाक अधिक पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात. आच वाढली तर रंग जातो. पहाटेच्या कोरड्या थंडीत काटा चांगला येतो, म्हणून पौषातल्या पहाटे घरोघरी शेगड्या पेटत. दाण्यावर पाकाची पुटे चढत काटा उभा राहीपर्यंत काही दिवस जात आणि तोवर बोटांना चटके बसत.

पुढचे काम दोऱ्याचे. दाणा टोचला तर फुटण्याची भीती. म्हणून वेढे व गाठी देऊन तो दोऱ्यावर बसवीत. त्यातून मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या, कंबरपट्टा आणि वाळे तयार होत. मुलगा असेल तर कृष्णाची बासरी, मुलगी असेल तर बिंदी. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीलाही असाच साज होई. मुंग्यांपासून जपण्यासाठी हे दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे लागत.

ज्या साखरेतून हा साज घडे, तीही सहज मिळणारी वस्तू नव्हती. सामान्य घरात रोजचा गोडवा गुळाचाच असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साखरेवर नियंत्रण आले आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे ती शिधापत्रिकेवर मिळत राहिली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, त्यानंतर महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात साखरेचे युग अवतरले. तोवर मूठभर हलव्यासाठी वाचवलेली साखर हीच घरच्यांच्या मायेची खूण होती. सोने परवडणारे नसले तरी बाळाला नखशिखान्त सजविण्याचा आनंद गरिबाच्या घरीही शक्य झाला, तो यामुळेच.

या गोडव्याला एक कडू बाजूही होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवात विधवांना स्थान नव्हते. घरच्या राबणुकीत मात्र होते. परातीशी बसणाऱ्या प्रत्येक हाताला समारंभात मान मिळालाच असे नाही. ही परंपरा आज आठवताना त्या अनाम हातांचेही स्मरण ठेवणे उचित ठरेल.

नोकरीनिमित्त मराठी माणूस परप्रांतात गेला, तेव्हा त्याच्याबरोबर हा आचारही गेला. चंडीगडच्या सेक्टर ३२ सारख्या वसाहतीत तर त्याला जणू भावंडच भेटते. तेथे संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी, १३ जानेवारीला, लोहडीचा जाळ पेटतो. नवजात बाळाची पहिली लोहडी विशेष थाटाने करतात आणि रेवड्या, शेंगदाणे व लाह्या वाटतात. भाषा निराळी, दैवते निराळी. पण ऐन थंडीत ऋतूचे धान्य बाळाच्या निमित्ताने सर्वांत वाटून घेण्याची भावना एकच.

आज तयार दागिने बाजारात सहज मिळतात. आईवडील दोघेही कामावर जाणाऱ्या घराला त्याबद्दल दोष देता येणार नाही. काही साजांत तर हलव्याऐवजी थर्माकोलचे मणी असतात. चिंतेची बाब निराळीच आहे. लिखित आधार नसलेली विद्या एका पिढीने हात आखडता घेतला तरी लोपते. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाला शिक्षणाचा अविभाज्य भाग मानले होते. हाताने केलेले काम बुद्धीलाही घडविते, हा त्यामागील विचार. शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला एखाद्या आजीला बोलावून मुलामुलींनी हलव्याचा एक हार गाठविला, तर त्या विचाराचे सार्थक होईल.

बोरन्हाण संपते, दोरे सुटतात आणि दागिने मुलांच्या मुठीत जातात. काळे झबले तेवढे घडी घालून ट्रंकेत उरते, धाकट्या भावंडासाठी.