सरकारी लाकूड लिलाव आणि पूर्व विदर्भातील सुतार कारागीर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पूर्व विदर्भातील चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे सागवानासाठी प्रसिद्ध आहेत. आलापल्लीच्या जंगलातील सागवानाला देशभर मागणी असून बल्लारशाह येथील आगार हे राज्यातील इमारती लाकडाच्या विक्रीचे एक महत्त्वाचे केंद्र होय. अयोध्येतील राममंदिरासाठी २०२३ मध्ये याच आगारातून सागवान पाठविण्यात आले. हे लाकूड प्रामुख्याने जाहीर लिलावाने विकले जाते. लिलावाचे दार कायद्याने सर्वांना खुले असते. तथापि जंगलालगतच्या गावातील सुताराला त्या दारातून आत जाणे कितपत शक्य होते, हा प्रश्न आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

उद्दिष्टे

१) सरकारी लाकूड लिलावाच्या पद्धतीचा ऐतिहासिक विकास अभ्यासणे.
२) लिलावातील मोजमाप, अटी व कायदा यांचा लहान खरेदीदाराच्या दृष्टीने विचार करणे.
३) लाकूडकामाच्या जुन्या यंत्रांच्या लिलावाचे स्वरूप स्पष्ट करणे.

मक्तेदारीकडून लिलावाकडे

ईस्ट इंडिया कंपनीला जहाजबांधणीसाठी सागवानाची निकड होती. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईत आल्यानंतर मुंबईची गोदी नावारूपास आली आणि मलबारच्या सागवानाची मागणी वाढत गेली. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली व मलबारच्या सागवानावर कंपनीची मक्तेदारी प्रस्थापित झाली. जंगलमालक व व्यापारी यांच्या असंतोषामुळे १८२३ मध्ये हे पद रद्द करण्यात आले. या व्यवस्थेत सरकार हा खरेदीदार होता आणि भाव तोच ठरवीत असे. म्हणजेच लिलावाला तेथे स्थान नव्हते.

१८५३ नंतर रेल्वेमुळे चित्र बदलले. एक मैल लोहमार्गास साधारणपणे १,७६० ते २,००० स्लीपर लागत. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. दरम्यान १८६४ मध्ये वनखाते सुरू होऊन डिट्रिच ब्रँडिस हे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६५ व १८७८ च्या कायद्यांनी जंगलाच्या मोठ्या भागावर सरकारची मालकी प्रस्थापित झाली. सरकार आता खरेदीदाराऐवजी विक्रेता झाले. सार्वजनिक मालमत्तेला योग्य किंमत मिळाली हे दाखवून देण्याचा सोपा मार्ग म्हणून जाहीर लिलाव रूढ झाला. लिलावाचा मूळ हेतू महसुलाचे रक्षण हा होता. कारागिरास कच्चा माल पुरविणे हा नव्हता. पुढील सर्व विवेचनात ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

उभे कूप आणि आगार

लाकूड विक्रीच्या दोन पद्धती प्रचलित होत्या. पहिल्या पद्धतीत उभे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, ठेकेदारास लिलावाने दिला जाई. तोड, वाहतूक व मजुरी यांचा भार ठेकेदारावर असे. यासाठी मोठे भांडवल लागत असल्याने लहान कारागीर या लिलावातून आपोआप वगळला जात असे. ठेकेदारीतील शोषणाला पर्याय म्हणून मुंबई राज्यात १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था स्थापन झाल्या. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला, तर महाराष्ट्रात १९७४ मध्ये वन विकास महामंडळाची स्थापना झाली.

दुसऱ्या पद्धतीत तोड खात्यामार्फत होऊन ओंडके आगारात आणले जातात. तेथे ओंडक्यांचे मोजमाप होते, त्यांवर क्रमांक व हातोड्याची निशाणी उमटविली जाते आणि प्रतवारीनुसार लॉट लावले जातात. खरेदीदाराने माल पाहावा, अनामत रक्कम भरावी, बोली बोलावी, बोली मान्य झाल्यावर मुदतीत पूर्ण रक्कम भरावी व वाहतूक परवाना घेऊन माल उचलावा, असा क्रम असतो. हातची किंमत, म्हणजे ज्याखाली माल विकायचा नाही ती किंमत, आधीच ठरलेली असते. या पद्धतीत खरेदीदारास लाकूड प्रत्यक्ष पाहता येते, हा मोठा लाभ होय. परंतु विक्रीचे एकक ओंडका नसून लॉट असते. दोन दरवाजे व एक चौकट करावयाची असलेल्या सुताराला संपूर्ण लॉट घेणे परवडत नाही. शिवाय त्याला गिऱ्हाइकाकडून पैसे काम झाल्यावर मिळतात. आगारात मात्र ते माल उचलण्यापूर्वी भरावे लागतात. त्यामुळे तो वखारीतून चिरलेले लाकूड किरकोळ भावाने घेतो. त्या भावात चिराई, वाहतूक आणि मधल्या व्यापाऱ्याचा नफा समाविष्ट असतो.

मोजमापाचा प्रश्न

आगारात ओंडक्याचे घनफळ चौथाई घेराच्या सूत्राने काढण्याची पद्धत आहे. ओंडक्याच्या मध्यावरील घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करावयाचा व त्यास लांबीने गुणावयाचे. घेर १२० सेंटीमीटर व लांबी ३ मीटर असल्यास घनफळ ०.२७ घनमीटर येते. तोच ओंडका पूर्ण गोल मानला तर घनफळ सुमारे ०.३४ घनमीटर भरते. म्हणजे या सूत्राने प्रत्यक्षाच्या साधारण ७८.५ टक्केच घनफळ मोजले जाते. गोल लाकूड चौरस करताना होणारी तूट यात गृहीत धरलेली आहे, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो.

ज्याला हे सूत्र ठाऊक आहे तो चिरलेल्या लाकडाचा उतारा आधी अजमावतो आणि त्यानुसार बोलीची मर्यादा ठरवितो. पोकळ गाभा, चिरा, गाठी आणि बाहेरील पांढऱ्या लाकडाची जाडी यांवर उतारा अवलंबून असतो. लाकूड पारखण्याचे हे ज्ञान अनुभवी सुताराकडे असतेच, किंबहुना ते अनेक व्यापाऱ्यांपेक्षा अधिक असते. मात्र बोलीच्या ठिकाणी ज्ञानाबरोबर रोख रक्कमही लागते. त्यामुळे हे कौशल्य लिलावात उपयोगी पडत नाही.

कायद्याची भूमिका

१८७२ च्या करार कायद्यात लिलावाविषयी तरतुदी होत्या. विक्रेत्याने किंमत वाढविण्यासाठी खोटी बोली लावल्यास विक्री रद्द करण्याचा हक्क खरेदीदारास होता. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम ६४ नुसार प्रत्येक लॉट हा प्रथमदर्शनी स्वतंत्र करार मानला जातो, हातोडा पडल्यावर विक्री पूर्ण होते आणि तोपर्यंत बोली मागे घेता येते. विक्रेत्यास स्वतः बोली लावावयाची असल्यास तसे आधी जाहीर करावे लागते.

या तरतुदींचा रोख प्रामुख्याने विक्रेत्याच्या लबाडीवर आहे. व्यापाऱ्यांनी आपसांत ठरवून बोली न वाढविणे, ज्यास बाजारात ‘रिंग’ म्हणतात, त्याचा विचार कलम ६४ मध्ये नाही. अशा संगनमताला २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ ने प्रतिबंध केला व हे कलम २००९ मध्ये अमलात आले. अलीकडच्या ई-लिलावामुळे एकत्र बसून रिंग करणे कठीण झाले. तथापि माल पाहण्यासाठी आगारात जाण्याची गरज संपलेली नाही.

जुन्या यंत्रांचा लिलाव

लाकूड घेतले तरी ते चिरण्याचा प्रश्न उरतो. पूर्वी एक माणूस वर व एक खाली उभा राहून आरा ओढत असे. पुढे आरा गिरण्या आल्या आणि हे काम यंत्राकडे गेले. बंद पडलेल्या गिरण्या, थकीत कर्जाची तारणे व सरकारी कार्यशाळांतील निकामी सामान यांच्या लिलावात बँड सॉ, गोल करवत, रंधा यंत्र व लेथ स्वस्तात मिळू शकतात. तारण मालमत्ता न्यायालयात न जाता विकण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या कायद्याने मिळाला. अशी विक्री साधारणपणे ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर होते. त्यामुळे बेअरिंग, चाकांची झीज, मोटार व सुटे भाग यांची तपासणी बोलीपूर्वीच करणे हिताचे ठरते. यंत्र काढून नेण्याचा खर्चही किमतीत धरावा लागतो.

याहून महत्त्वाची बाब परवान्याची आहे. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात ४ मार्च १९९७ रोजी महाराष्ट्रातील विनापरवाना आरा गिरण्या बंद करण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २००२ मध्ये नवीन गिरणीसाठी केंद्रीय अधिकारप्राप्त समितीची पूर्वपरवानगी बंधनकारक झाली. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी परवानगीचा विषय राज्यस्तरीय समितीकडे सोपविला. परिणामी परवान्याला यंत्राहून अधिक मोल आले. लिलावात यंत्र मिळते, परंतु त्यावर ओंडके चिरण्याचा हक्क केवळ यंत्राच्या खरेदीने मिळत नाही. ज्या सुताराने हा भेद न जाणता चिराईचे यंत्र घेतले, त्याची रक्कम लोखंडात अडकून पडते. वनरक्षणाच्या दृष्टीने हे निर्बंध आवश्यकच होते; मात्र त्यांच्यामुळे चिराईचे काम जुन्या परवानाधारकांपुरते मर्यादित झाले, हेही नाकारता येत नाही.

निस्तार आणि ग्रामसभा

पूर्व विदर्भात निस्तार हक्काची परंपरा आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तार पत्रकाची तरतूद आढळते. निस्तार हा घरगुती गरजेसाठी असून विक्रीयोग्य वस्तू बनविण्यासाठी नाही. बुरूड कारागिरांना सवलतीच्या दराने बांबू देण्याची पद्धत राज्यात आहे. कारागिराची गरज घरगुती गरजेहून वेगळी असल्याचे शासनाने बांबूपुरते मान्य केले आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला व २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेकडे आले. जे गाव विक्रीच्या अटी ठरविण्यात कोठेच नव्हते, ते स्वतःच विक्रेता झाले. तथापि या कायद्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत इमारती लाकडाचा समावेश नाही. त्यामुळे सुताराची स्थिती मूलतः बदलली नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, लिलावाने सरकारी महसुलाचे रक्षण केले आणि मक्तेदारीपेक्षा ही पद्धत निश्चितच न्याय्य ठरली. परंतु लॉटचा आकार, रक्कम भरण्याची मुदत व चिराईचा परवाना या तीन बाबींनी लहान कारागिरास दूर ठेवले. बोलीत तो हरतो असे नसून बोलीपर्यंत तो पोहोचतच नाही. आगारातील काही ओंडके दोन-तीन ओंडक्यांच्या लहान लॉटमध्ये नोंदणीकृत कारागिरांसाठी राखून ठेवणे, सुतारांच्या सहकारी संस्थेस एकत्रित बोलीची सोय करून देणे आणि यंत्रांच्या लिलाव सूचनेत परवान्याची स्थिती मराठीत स्पष्ट नमूद करणे, हे उपाय प्रचलित चौकटीतही शक्य आहेत. ज्या जंगलाच्या लाकडाने दूरदूरच्या वास्तू उभ्या राहतात, त्याच जंगलाच्या काठावर राहणाऱ्या सुताराच्या हाती त्यातील चार ओंडके रास्त भावाने यावेत, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.