रुळाखालच्या रबराची कुळकथा

लोखंडी धावेची बंडी गोट्यावरून गेली की हादरा थेट मणक्यात बसायचा. टायरची बंडी आली आणि रबराने तो वाटेतच जिरवला. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेतल्या जुन्या जाणत्यांनी हा फरक अंगावर अनुभवला आहे. भुयारी रेल्वेच्या हादऱ्याचा इलाजही याच जातीचा आहे. फरक एवढाच, की तो आधी घरमालकांच्या तक्रारीने सुरू झाला.

1900 साली सेंट्रल लंडन रेल्वे सुरू झाली. तिची विजेची इंजिने 44 टनांची. मोटारी थेट आसावर बसवलेल्या, त्यामुळे तब्बल 33 टन वजन स्प्रिंगच्या खाली, म्हणजे रुळावर उघडे आदळणारे. भुयारावरच्या चीपसाइड भागातल्या कचेऱ्यांत नकाशे काढणाऱ्यांना सरळ रेघ ओढता येईना. ओरड इतकी वाढली, की सरकारने लॉर्ड रॅले या नामांकित भौतिकशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दोन उपाय करून पाहिले. काही इंजिनांत गिअर घालून त्यांचे एकूण वजन 31 टनांवर आणले. हादरा कमी झाला. दुसऱ्या उपायात इंजिनच काढून मोटारी डब्यांखाली वाटून दिल्या, आणि तक्रारीचे मूळच गेले. 1903 पर्यंत सगळ्या गाड्या तशा झाल्या. आजची जवळपास प्रत्येक मेट्रो याच घराण्यातली. माझ्या मते या कुळकथेतला मोठा मान त्या तक्रारदारांचा आहे.

पुढे स्प्रिंग चाकावरून रुळाखाली उतरली. फ्रेंच अभियंता रोजर सोनविल याच्या रचनेत रूळ काँक्रीटच्या सुट्या ठोकळ्यांवर बसतो. प्रत्येक ठोकळ्याच्या तळाशी लवचीक गादी, भोवती रबरी मोजा, आणि तो मोजा भुयाराच्या काँक्रीटमध्ये घट्ट. चाकाचा ठोका आधी गादीला दाबतो, मग उरलेलाच जमिनीत जातो. ठोकळा जितका जड आणि गादी जितकी मऊ, तितका खालच्या पट्टीतला घुमघुमाटही अडतो. फार मऊ केली तर मात्र रूळच जास्त वाकेल, म्हणून तोल साधावा लागतो. इंग्लंड-फ्रान्सच्या समुद्राखालच्या बोगद्यातही 1994 पासून गाड्या असल्याच रुळावरून धावतात.

मुंबईच्या मेट्रो 3 साठी हीच रचना, अधिक जड ठोकळ्याची, घेतली. 33.5 किलोमीटरचा हा मार्ग गिरगाव, काळबादेवीच्या जुन्या चाळींखालून जातो आणि 2025 च्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत पूर्ण झाला. आपली अमरावती एक्स्प्रेस सीएसएमटीला थांबते, तिथेच खाली हे भुयार आहे. नागपूरची मेट्रो बहुतेक पुलांवरून धावते, म्हणून विदर्भाला भुयारी हादऱ्याचा प्रश्न अजून जवळून भेटलेला नाही.

रबर एकटे पुरत नाही. ब्रेक लागून चाक एका जागी सपाट झाले, की प्रत्येक फेऱ्याला ठोका बसतो. म्हणून चाके लेथवर फिरवून गोल करतात, रूळ घासून गुळगुळीत ठेवतात. गादी थकली, तर रूळ उचलून ठोकळा मोज्यातून बाहेर काढता येतो आणि नवी घालता येते. काँक्रीट फोडावे लागत नाही.