मर्क्युरी, फ्रेडी
(५ सप्टेंबर १९४६–२४ नोव्हेंबर १९९१). ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचा गायक. मूळ नाव फारोख बुलसारा. जन्म झांझिबारमध्ये, पारशी कुटुंबात. घराण्याचे मूळ गुजरातमधील वलसाडचे, म्हणजे जुन्या बुलसारचे. तारापूरचे ते तारापोर, तसे बुलसारचे ते बुलसारा.

आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडण्यात आले. तिथे तो पियानो शिकला आणि वर्गमित्रांच्या ‘द हेक्टिक्स’मध्ये वाजवू लागला. पुढे जगभर गाजलेल्या या गळ्याची पहिली घडण सातारा जिल्ह्यात झाली, हे मात्र आपल्याकडे उशिराच लक्षात आले.

झांझिबारमधील क्रांतीनंतर, १९६४ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेले. ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्यासह १९७० मध्ये ‘क्वीन’ उभी राहिली. सुमारे सहा मिनिटांचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (१९७५) रेडिओसाठी फार लांब, असे जाणकारांचे मत होते. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे अव्वल राहिले. १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्लीतील ‘लाइव्ह एड’मध्ये त्याने जेमतेम वीस मिनिटांत सारे मैदान ताब्यात घेतले.

एड्स झाल्याचे त्याने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी, पंचेचाळिसाव्या वर्षी, लंडनच्या राहत्या घरी न्यूमोनियाने मृत्यू. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. एप्रिल १९९२ मध्ये वेम्ब्लीवर स्मृतिमैफल झाली. एड्सविरोधी कामासाठी ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ स्थापन झाला.